प्रतिकाराचा हक्क आणि प्रतिकाराची सक्ती

स्वसंरक्षण म्हणजे अंगावर चालून आलेल्या माणसाच्या तावडीतून स्वतःच्या बळावर सुटणे. पुरुषाच्या बाबतीत ही व्याख्या पुरते. स्त्रीच्या बाबतीत ती उच्चारताच दोन प्रश्न उभे राहतात. राखायचे ते नेमके काय: तिचा देह आणि तिची इच्छा, की घराण्याची अब्रू? आणि ते राखणे हा तिचा हक्क, की पार न पडल्यास तिलाच दोषी धरता येईल असे कर्तव्य? कराटेच्या वर्गात शिकवला जाणारा कोपराचा फटका कोणत्याही उत्तराला सारखाच लागू पडतो. त्यामागचा विचार मात्र वेगवेगळा असतो. स्त्रीवादाला या प्रशिक्षणाबद्दल वाटणारा उत्साह आणि वाटणारी धास्ती, दोन्हींचे मूळ या दोन प्रश्नांत आहे.

भारतीय धर्मशास्त्रात आत्मरक्षणाचा विचार 'आततायी' या कल्पनेभोवती झाला. मारायला उठलेला आततायी गुरू असो, वृद्ध असो वा विद्वान ब्राह्मण असो, त्याला ठार करणाऱ्याला दोष लागत नाही, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. त्याच ठिकाणी शस्त्र उचलणे कधी धर्म्य ठरते तेही दिले आहे: स्वतःचा बचाव, यज्ञाच्या दक्षिणेवरून उद्भवलेला झगडा, स्त्रिया आणि ब्राह्मण यांचे रक्षण. शस्त्र उचलणारा इथे द्विज पुरुष आहे आणि स्त्री आहे ती वाचवली जाणारी म्हणून. वसिष्ठ धर्मसूत्रातील आततायींच्या यादीत आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन आलेला आणि धन लुटणारा यांच्या जोडीला शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा येतात. शेत आणि बायको शेजारी शेजारी ठेवल्यावर अपराध कोणाविरुद्ध घडला हे वेगळे सांगावे लागत नाही. तो नवऱ्याविरुद्ध घडला.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक विधान असे आहे की ते सुटे वाचले तर आजच्या स्वसंरक्षण शिबिराच्या फलकावर शोभावे. घरात कोंडून आप्तांनी पहारा केला तरी स्त्रिया सुरक्षित होत नाहीत. ज्या स्वतःच स्वतःला राखतात त्याच सुरक्षित, असा त्याचा आशय. पण मागचेपुढचे श्लोक वाचले की कळते, तिथे धोका बाहेरच्या हल्लेखोराचा नाही. धोका तिच्याच मनाचा आहे आणि तिने राखायचे ते नवऱ्यापाशी असलेले आपले शील. स्त्रीने स्वतःला राखावे हा आग्रह जुना आहे, आणि त्याचा स्त्रीच्या स्वातंत्र्याशी संबंध असेलच असे नाही, एवढे या एका श्लोकावरून ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुराणकथांतली स्त्री स्मृतींतल्या स्त्रीपेक्षा कितीतरी धीट आहे. विराटपर्वात सुदेष्णा राणी द्रौपदीला कीचकाच्या महालात मद्य आणायला पाठवते. तो हात धरतो तेव्हा द्रौपदी त्याला असा हिसडा देते की तो जमिनीवर कोसळतो. वनपर्वात जयद्रथालाही तिने असेच पाडले आहे. म्हणजे शरीराने करायचे ते ती करते आणि त्यात यशस्वीही होते. खरी कसोटी त्यानंतरची आहे. ती धावत राजसभेत येते, कीचक मागोमाग येऊन भर सभेत तिला लाथ मारतो, आणि विराट राजा हात झटकतो: भांडण कशावरून झाले ते आपल्याला ठाऊक नाही. कंकाच्या वेषातला युधिष्ठिर तिला आत निघून जायला सांगतो. पुढे कीचकाला भीम मारतो. स्त्रीच्या प्रतिकारानंतर न्यायसंस्था काय करते, हा प्रश्न महाभारताने इतक्या उघडपणे मांडला असताना परंपरेच्या स्मरणात राहिला तो भीमाचा पराक्रम. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' लिहिले तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला आणि द्रौपदीत पारतंत्र्यातला देश. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. नाटक म्हणून ते धाडसाचे होतेच. पण स्त्रीच्या देहावरचा हल्ला तिथे राष्ट्राच्या अपमानाचे प्रतीक झाला आणि तो देह जिचा होता ती पुन्हा मागे सरली.

देवीच्या कथांचेही असेच. तुळजापूरच्या क्षेत्रकथेत कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती तपाला बसलेली असताना कुकुर नावाचा दैत्य तिला त्रास देतो. तिच्या हाकेला धावून येऊन भवानी त्याचा वध करते. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या देवस्थानांपैकी एकाची कथा स्त्रीवरच्या अतिप्रसंगापासून सुरू होते, ही गोष्ट लहान नाही. तरी लढते ती देवी; अनुभूती हाक मारते. नवरात्रात मुलींना दुर्गेचा दाखला देऊन लाठीकाठी शिकवणाऱ्यांना ही फट भरून काढावी लागते, कारण मानवी स्त्रीला दहा हात नसतात आणि देवांनी दिलेली आयुधेही नसतात.

आधुनिक भारतात या प्रश्नाला अहिंसेच्या वादाची जोड मिळाली. गांधीजींनी १९४२ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिले की हल्ला झालेल्या स्त्रीने त्या क्षणी हिंसा-अहिंसेचा काथ्याकूट करत बसू नये. स्वतःला वाचवणे हे तिचे पहिले कर्तव्य, आणि त्यासाठी सुचेल तो उपाय, नखे आणि दातसुद्धा, तिने वापरावा. जिच्यावर अत्याचार झाला तिला समाजाने दूर लोटू नये, असेही त्यांनी त्याच लेखात बजावले. अहिंसेच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याने दिलेली ही मोकळीक महत्त्वाची आहे. पण तिची भाषा कर्तव्याची आहे, आणि शरण जाण्यापेक्षा प्राण द्यावा ही अपेक्षा गांधीजींच्या या विषयावरच्या लेखनात पुन्हा पुन्हा डोकावते. प्राणापेक्षा शील मोठे ठरले की जी जिवंत राहिली तिच्याकडे संशयाने पाहिले जाते, मग तिला जवळ करण्याचा उपदेश कितीही मनापासून केलेला असो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातली मांडणी या पेचातून अधिक स्वच्छ वाट काढते. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, काटेकोर नियम नव्हे, असे सांगून त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. हा भेद स्त्रीच्या स्वसंरक्षणाला लावला तर तिला सती किंवा वीरांगना व्हावे लागत नाही. इजा करण्याची इच्छा तिच्या मनात नाही. सुटण्याची गरज आहे, आणि गरज संपली की हातही थांबतो. शीलाचा, कुळाचा, बलिदानाचा हिशोब त्यात येतच नाही. भारतीय कायद्यातला खासगी बचावाचा हक्क याच मोजमापाने चालतो: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. बलात्काराच्या उद्देशाने झालेल्या हल्ल्यात मात्र हल्लेखोराचा जीव गेला तरी हा हक्क टिकतो. पूर्वी ही तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम १०० मध्ये होती, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. २०१३ च्या दुरुस्तीने तिच्यात ॲसिडहल्ल्याचीही भर पडली.

प्रशिक्षण आणि स्त्रियांचे राजकीय हक्क यांची उघड गाठ पडली ती लंडनमध्ये. १८ नोव्हेंबर १९१० रोजी मताधिकारासाठी पार्लमेंटवर गेलेल्या स्त्रियांना पोलिसांनी आणि गर्दीतल्या पुरुषांनी तासन्‌तास मारहाण केली, त्यांच्याशी अंगचटीला जाऊन विटंबना केली. तो दिवस 'ब्लॅक फ्रायडे' म्हणून ओळखला गेला. एडिथ गॅरुड ही जेमतेम पाच फुटांची प्रशिक्षक तेव्हा मताधिकारवादी स्त्रियांना जपानी जुजुत्सू शिकवत होती. १९१३ मध्ये उपोषण करणाऱ्या कैदी स्त्रियांना अशक्त झाल्यावर सोडायचे आणि बऱ्या झाल्या की पुन्हा पकडायचे, असा कायदा झाला. त्यावर एमेलीन पँकहर्स्ट यांच्या संघटनेने नेत्यांची पुन्हा अटक रोखण्यासाठी स्त्रियांचे अंगरक्षक पथक उभारले आणि त्याचे शिक्षण गॅरुडकडे आले. भारतातून ब्रिटिश व्यायामशाळांत गेलेले मुद्गल या स्त्रिया कपड्यांत लपवून नेत. १९१४ च्या मार्चमध्ये ग्लासगोच्या सभेत व्यासपीठावर चढलेल्या पोलिसांशी त्यांची खडाजंगी झाली. पँकहर्स्ट यांना अटक टळली नाही. तरीही त्या प्रसंगाने एक जुना सौदा मोडला. स्त्रियांना मताची गरज काय, पुरुष त्यांचे रक्षण करतातच, असे मताधिकाराचे विरोधक म्हणत. ते रक्षक लाठी घेऊन समोर उभे ठाकले होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विचार आणखी खोल गेला. अमेरिकेत बोस्टनच्या 'सेल १६' या गटाने १९६८ पासून स्त्रीमुक्तीच्या कार्यक्रमातच तायक्वोंदोला जागा दिली. सुझन ब्राउनमिलर यांच्या १९७५ च्या 'अगेन्स्ट अवर विल' या ग्रंथाने बलात्काराला वासनेच्या खात्यातून काढून सत्तेच्या खात्यात घातले आणि शेवटी स्त्रियांनी लढायला शिकावे असा आग्रह धरला. तात्त्विकदृष्ट्या सर्वांत मोलाचे काम आयरिस मॅरियन यंग यांच्या १९८० च्या निबंधाने केले. मुली चेंडू फेकताना सगळे शरीर का वापरत नाहीत, फक्त हातच का हलवतात, हा त्यांचा साधा वाटणारा प्रश्न. त्यांचे उत्तर असे की मुलीला आपले शरीर दोन तऱ्हांनी एकाच वेळी जगावे लागते: काम करणारे शरीर आणि बघितले जाणारे शरीर. 'मला जमेल' ही जाणीव अर्ध्यातच 'मला जमणार नाही' या जाणिवेला अडखळते. हे हाडामासाचे दौर्बल्य नाही. पाय जवळ घे, हळू बोल, खिदळू नकोस, पदर सावर, या शिकवणुकीतून अंगात मुरलेले ते वळण आहे.

स्त्रियांच्या वर्गात पहिल्या दिवशी हे वळण उघडे पडते. फटका मारण्याआधी आवाज काढावा लागतो, आणि तोच घशातून निघत नाही. समोरच्याने गादी धरलेली असली तरी लागेल म्हणून हात आखडतो. मार्था मकॉही यांनी 'रिअल नॉकआउट्स' या १९९७ च्या पुस्तकात अशा वर्गांना शरीराने केलेला स्त्रीवाद म्हटले. नाजूकपणा निसर्गदत्त आहे हा समज व्याख्यानाने जितका हलत नाही तितका स्वतःच्या गुडघ्याने हलतो, हे त्यांचे निरीक्षण पटण्यासारखे आहे.

इतके असूनही स्त्रीवादी चळवळीतल्या पुष्कळ जणींना या प्रशिक्षणाबद्दल शंका वाटत आली, आणि ती शंका न्यायालयांच्या इतिहासातून आलेली आहे. अँग्लो-अमेरिकन कायद्यात बलात्कार सिद्ध होण्यासाठी स्त्रीने शेवटपर्यंत, सगळी ताकद लावून प्रतिकार केल्याचे दाखवावे लागे. १९०६ च्या 'ब्राउन विरुद्ध स्टेट' या खटल्यात विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीवर आरोपीची शिक्षा रद्द केली. महाराष्ट्राला याचा जो अनुभव आला त्याने देशभरातील स्त्री-चळवळ उभी केली. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, झटापटीच्या खुणा नव्हत्या, म्हणून ती निमूटपणे राजी झाली असावी, असा तर्क होता. रात्री, पोलीस ठाण्यात, वर्दीतल्या माणसांपुढे एका गरीब मुलीने किती झुंजायला हवे होते, हे कोणी विचारले नाही.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात नेमके यावर बोट ठेवले: शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे. मुंबईत १९८० मध्ये 'फोरम अगेन्स्ट रेप' स्थापन झाली. १९८३ मध्ये कायदा बदलून कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे अशी तरतूद आली. २०१३ च्या दुरुस्तीने त्याहून मूलभूत गोष्ट कायद्यात लिहिली: केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही.

या ओळीने प्रतिकाराचा हक्क आणि प्रतिकाराची सक्ती वेगळी केली. हक्क असा असतो की तो न वापरल्याबद्दल जाब द्यावा लागत नाही. मतदानाला न गेलेल्या नागरिकाचे नागरिकत्व जात नाही. तसेच भीतीने गोठलेल्या, किंवा मार वाचावा म्हणून गप्प राहिलेल्या स्त्रीचा आपल्या देहावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. गोठून जाणे ही धोक्यात सापडलेल्या शरीराची ओळखीची प्रतिक्रिया आहे, आणि गप्प राहणे हा पुष्कळदा जीव वाचवण्याचा अचूक अंदाज असतो. ज्या प्रशिक्षणात हे सांगितले जात नाही, ते नकळत १९७८ च्या निकालाची भाषा पुन्हा बोलू लागते: शिकवले होते, मग का नाही लढलीस?

स्वसंरक्षणाची सगळीच शिबिरे स्त्रीवादी नसतात, हेही यावरून कळते. लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापन केली आणि मुलींच्या हाती लाठी दिली. त्या काळात घराबाहेर मैदानावर मुलींनी कवायत करणे हा धीटपणाच होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण तिथे स्त्री सबल व्हायची ती मातृत्वाच्या आणि राष्ट्रधर्माच्या रक्षणासाठी. १९९१ मध्ये सुरू झालेल्या दुर्गा वाहिनीच्या शिबिरांत हल्लेखोर परधर्मातला असतो, असे मनावर बिंबवले जाते. घरातल्या काकाबद्दल, वर्गशिक्षकाबद्दल, ठरलेल्या नवऱ्याबद्दल तिथली विद्या मुकी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार नोंदल्या गेलेल्या बलात्कारांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. तेव्हा ही उणीव विचारसरणीची आहे आणि परिणामाचीही.

परिणामाबद्दल ठोस पुरावा आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. निम्म्या जणींना बारा तासांचे प्रशिक्षण मिळाले, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रके. वर्षभरात बलात्काराचे प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के, दुसऱ्या गटात ९.८ टक्के आढळले. या बारा तासांत डावपेचांचा भाग थोडा होता. उरलेला वेळ ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणे, तो आपलाच आहे म्हणून मनात उठणारा संकोच बाजूला सारणे आणि स्वतःला काय हवे, काय नको हे आधी स्वतःशी स्पष्ट करणे, यात गेला. म्हणजे स्त्रीवादी आशय ही प्रशिक्षणाला लावलेली झालर नव्हती. गुण यायचा तो त्यानेच आला असे मानायला जागा आहे. समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आत्मरक्षणाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण आहे. त्यात मनगट सोडवण्यासोबत 'मामाला नाही म्हणता येते' हेही शिकवले जाते की नाही, यावर त्याची किंमत ठरेल.

आता या विद्येच्या मर्यादा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या मायलेकी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. जमीन आणि जात यांच्या बळावर गाव एकवटते तेव्हा एकट्या बाईच्या हातातला कोणताही डाव पुरा पडत नाही, आणि दलित स्त्रियांनी स्वसंरक्षणाच्या शहरी उत्साहाकडे सावधपणे पाहिले ते उगाच नव्हे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगर वस्तीतल्या स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केले, तेव्हा पेच उलट बाजूने आला. वर्षानुवर्षांच्या अत्याचारांच्या तक्रारी पोलिसांनी दाबल्या होत्या. त्या क्षणी तो कोणावर चालून आला नव्हता, त्यामुळे कायद्याच्या व्याख्येत हा बचाव बसत नाही. तरीही तो पुन्हा सुटून वस्तीत येणार ही भीती काल्पनिक नव्हती. २०१४ मध्ये खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. हल्ला 'या क्षणी' होत असेल तरच बचाव मान्य, ही अट दोन अनोळखी पुरुषांच्या भांडणावरून घडलेली आहे. ज्यांच्यावर हल्ला रोजचाच आहे त्यांच्या भीतीला त्या अटीत जागा नाही.

इंग्लंडमध्ये हीच अट किरणजीत अहलुवालिया यांच्या प्रकरणात पुढे आली. दहा वर्षे मार खाल्ल्यानंतर १९८९ मध्ये त्यांनी झोपलेल्या नवऱ्याला पेटवले आणि खुनाबद्दल जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेच्या पाठपुराव्यानंतर १९९२ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. मात्र न्यायालयाने आधार घेतला तो मानसिक संतुलन ढळल्याचा. बचाव म्हणून तिच्या कृतीकडे पाहिले गेले नाही.

भारतात सोबत राहणाऱ्या पत्नीपुढे अडचण व्याख्येतच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील अपवादानुसार अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. बलात्काराच्या उद्देशाने केलेल्या हल्ल्याविरुद्ध कलम ३८ जो हक्क देते, तो त्यामुळे तिला नवऱ्याविरुद्ध त्या नावाने वापरता येत नाही. जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती होती, एवढेच तिला सांगता येते. शेत आणि बायको यांना शेजारी बसवणाऱ्या जुन्या यादीतला विचार या अपवादात टिकून आहे. तो अपवाद काढून टाकावा अशी शिफारस न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये केली होती. संसदेने ती तेव्हाही स्वीकारली नाही आणि नवी संहिता आणतानाही नाही.